आनंदीबाईंचा बाविसावा वाढदिवस : चौथीच्या वर्गासाठी एक चरित्र लिहिताना

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातल्या एका प्राथमिक शाळेत मी चौथीला शिकवते. परिपाठात थोर व्यक्तींच्या जयंत्या साजऱ्या करण्याची पद्धत आमच्याकडेही इतर शाळांसारखीच होती. फळ्यावर ठळक अक्षरांत दिनविशेष, टेबलावर फोटो, फोटोला हार, आणि मग आदल्या रात्री घरी घोकून घेतलेले एक भाषण, ज्याची सुरुवात ‘अध्यक्ष महोदय, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ अशी होते आणि शेवट ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ असा होतो. मधला मजकूर दर वेळी वेगळा असतो, पण तो ऐकणाऱ्याला वेगळा वाटत नाही. जन्म, गाव, आईवडिलांची नावे, हलाखीची परिस्थिती, जिद्द, चिकाटी, मानसन्मान, निधन, या क्रमाने तो एखाद्या ठरावीक थांब्यांच्या एसटीसारखा जातो. टिळक जयंतीला शेंगांची टरफले आली की वर्गात जरा जान येते, कारण त्या सगळ्या भाषणात डोळ्यांपुढे उभी राहील अशी वस्तू तेवढी एकच असते.

ही पद्धत मोडीत काढण्याचा आमचा हेतू नव्हता. जयंतीचा दिवस मुलांच्या लक्षात राहतो आणि त्याचा उपयोग करून घेता येतो. म्हणून आम्ही भाषणाऐवजी वाचन सुरू केले. ज्या व्यक्तीचा जन्मदिवस असेल तिच्याविषयीचा साधारण साडेतीनशे शब्दांचा मजकूर एका कागदावर छापायचा, कागद मधोमध दुमडायचा, आणि वर्गातल्या एका मुलाने तो मोठ्याने वाचायचा. शक्य असेल तिथे वाचणाऱ्याचा वाढदिवसही त्याच दिवशी किंवा त्या आठवड्यात असावा, असे ठरले. या दुमडलेल्या कागदाला मुले ‘घडी’ म्हणू लागली आणि तेच नाव रूढ झाले. (वाढदिवस जुळवणे आता सोपे आहे. या मुलांच्या आजोबांच्या वर्गात हा उपक्रम केला असता तर निम्मा वर्ग १ जूनलाच वाचायला उभा राहिला असता, कारण नाव घालताना गुरुजींनी सरसकट तीच तारीख लिहिलेली असे.)

पहिल्या घड्या फारशी अडचण न येता लिहून झाल्या. १५ ऑक्टोबरला अब्दुल कलाम. युद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली तेव्हा चालत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे गोळा करणारा मुलगा. १२ नोव्हेंबरला सालिम अली. छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून ती घेऊन मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत जाणारा मुलगा. या माणसांच्या बालपणात मुलांना सांगण्याजोगा प्रसंग आयताच मिळतो. तो सुरुवातीला घेतला की उरलेले चरित्र त्याच्यामागून येते.

३१ मार्चची घडी मात्र अशी झाली नाही. त्या घडीविषयीच हे टिपण आहे.

अडचण

३१ मार्च हा आनंदीबाई जोशी यांचा जन्मदिवस, साल १८६५. वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवसही त्याच तारखेला होता आणि ती उत्तम वाचत असे, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता. मार्चअखेरची बिले आणि नोंदी यांच्या धबडग्यात दोन संध्याकाळी काढून लिहू, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तीन मसुदे झाले.

आनंदीबाईंच्या आयुष्यातल्या ज्या गोष्टींमुळे त्या आपल्याला माहीत आहेत, त्या जवळजवळ सगळ्याच नऊ वर्षांच्या मुलापुढे मांडायला जड आहेत. कल्याणला वाढलेल्या यमुनेचे (हे आनंदीबाईंचे माहेरचे नाव) नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी हे पोस्टात कारकून, बिजवर आणि तिच्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. बायको शिकलीच पाहिजे हा त्यांचा ध्यास होता, आणि त्या ध्यासापायी त्यांनी तिला मारहाणही केली. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात तिनेच त्याचा उल्लेख केला आहे. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसच जगला. पुढे ती एकटी अमेरिकेला गेली, फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजमधून ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूक झाली, आणि तिथे रुजू होण्याआधीच क्षयाने तिचा मृत्यू झाला.

बालविवाह, मार, मूल जाणे, स्वतः जाणे. हे सगळे साडेतीनशे शब्दांत आणि तेही एका मुलीच्या वाढदिवशी.

पहिले दोन मसुदे

पहिला मसुदा सवयीने लिहिला गेला. ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात करून पाश्चात्त्य वैद्यकशास्त्रातील पदवी संपादन करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला डॉक्टर’ असे त्याचे पहिले वाक्य होते. सरावासाठी म्हणून मी ते त्या मुलीला वाचायला दिले. ‘पाश्चात्त्य’ या शब्दावर ती दोनदा अडखळली, ‘संपादन’ला तिने वर्तमानपत्राच्या संपादकाशी जोडले, आणि वाक्य संपेपर्यंत त्यात कोणी माणूस होते हे तिच्या लक्षातून गेले होते. दोष तिच्या वाचनाचा नव्हता.

त्याच वाक्यात दुसरीही एक खोट होती. ‘पहिल्या भारतीय महिला डॉक्टर’ हे बिरुद आपण वर्षानुवर्षे बिनदिक्कत लिहीत आलो आहोत, पण त्याच १८८६ साली कोलकात्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय पात्रता मिळवली होती आणि पुढे बरीच वर्षे व्यवसाय केला होता. मुलांना ‘पहिला’ हा शब्द फार आवडतो, त्यामुळे तो त्यांच्या हाती देताना तरी तो नीट मोजून द्यायला हवा. मी ‘अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली पहिली भारतीय स्त्री’ असे केले. जन्मगावाचेही तसेच. कुठे पुणे छापलेले आढळते, कुठे कल्याण. चौथीच्या मुलाला त्या वादात ओढण्याचे कारण नव्हते. ती कल्याणात वाढली, एवढे पुरेसे होते.

दुसऱ्या मसुद्यात मी उलट टोकाला गेले. लग्नाचा उल्लेख एका वाक्यात उरकला, बाळाचा काढून टाकला, मृत्यूच्या जागी ‘अल्पायुष्य लाभले’ असे घातले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत बोटीचा प्रवास, बर्फ, साडी नेसून कॉलेजात जाणारी मुलगी असे रंजक तपशील भरले. मजकूर वाचायला छान झाला होता. शेजारच्या वर्गाच्या बाईंनाही आवडला. मुलीने तो एका दमात वाचला आणि कागद खाली ठेवून विचारले, “पण बाई, तिला डॉक्टरच का व्हायचं होतं?”

त्या मसुद्यात याचे उत्तर नव्हते, कारण ते मीच खोडून टाकले होते. आनंदीबाईंच्या वैद्यकीय शिक्षणाचे मूळ त्या दहा दिवसांच्या बाळात आणि पुरुष डॉक्टरला दाखवण्याच्या संकोचाने आजार अंगावर काढणाऱ्या त्या काळच्या बायकांमध्ये आहे. ते काढले की उरते ती केवळ परदेशी जाण्याची हौस. मुलांसाठी म्हणून चरित्र सौम्य करताना आपण पुष्कळदा दुःख काढतो आणि त्याच्याबरोबर कारणही निघून जाते, हे त्या प्रश्नामुळे मला कळले. त्याआधीच्या काही घड्याही मग मी पुन्हा काढून वाचल्या. दोनांमध्ये तोच प्रकार होता.

तिसरा मसुदा

वाट सापडली ती तारखांची वही पाहताना. आनंदीबाईंच्या आयुष्यातले मोठे प्रसंग त्यांच्या वाढदिवसाच्या फार जवळ येतात. कोलकात्याहून त्यांची बोट सुटली ७ एप्रिल १८८३ला, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बरोबर एका आठवड्याने. पदवी मिळाली ११ मार्चला, एकविसाव्या वाढदिवसाच्या वीस दिवस आधी. मृत्यू २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात झाला. बाविसाव्या वाढदिवसाला तेव्हा तेहेतीस दिवस उरले होते. वाढदिवशी वाचायचे चरित्र वाढदिवसांच्याच पायऱ्यांनी का लिहू नये? नऊ वर्षांच्या मुलाला १८७४ हे साल काही सांगत नाही, पण ‘ती तुझ्याएवढी होती तेव्हा’ हे शब्द सगळे सांगतात. शिवाय वयाचा हिशेब त्याला स्वतः करता येतो.

तिसऱ्या मसुद्याची सुरुवात अशी झाली :

‘कल्याणला यमुना नावाची मुलगी राहत होती. ती तुमच्याएवढी, म्हणजे नऊ वर्षांची असताना तिचे लग्न झाले. नवरा तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठा होता. तेव्हा मुलींची लग्ने अशीच लवकर होत. आज असे लग्न लावणे गुन्हा आहे. लग्नात तिचे नाव बदलून आनंदी ठेवले. माहेरचे आडनाव जोशी होते आणि सासरचेही जोशीच, तेवढे मात्र बदलावे लागले नाही.’

शेवटच्या वाक्याला मुले हसतात, आणि हसू येऊनही आधीचे वाक्य विसरत नाहीत, असा पुढे अनुभव आला. बाळाविषयी चार वाक्ये ठेवली : ‘चौदाव्या वर्षी तिला बाळ झाले. ते दहा दिवसांनी दगावले. तेव्हा बायकांना तपासायला बाई डॉक्टर नसत, आणि पुरुष डॉक्टरकडे जायला बायका लाजत. म्हणून आनंदीने ठरवले की आपणच डॉक्टर व्हायचे.’ त्यापुढे कसलीही हळहळ जोडली नाही.

मधला भाग सुखाने लिहिता आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेले एक मासिक त्यांनी चाळायला घेतले आणि त्यात गोपाळरावांचे पत्र वाचले, बायकोला अमेरिकेत शिकवण्यासाठी मदत मागणारे. दवाखान्यातल्या बाकावरून सुरू झालेला हा पत्रव्यवहार पुढे इतका जिव्हाळ्याचा झाला की आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. निघण्यापूर्वी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात तिने भाषण केले, तेही बंगालमध्ये, लोकांसमोर इंग्रजीत. लोक आपल्याला जे प्रश्न विचारत होते ते तिने स्वतःच एकेक करून मांडले आणि त्यांना उत्तरे दिली : अमेरिकेलाच का, एकटीच का, परत आल्यावर जातीने वाळीत टाकले तर काय, काही बरेवाईट झाले तर काय. घडीत मी यांतले तीन प्रश्न घेतले आणि प्रत्येकापुढे थोडी जागा सोडली, वर्गाने आधी स्वतःचे उत्तर द्यावे म्हणून.

१० ऑक्टोबर १८८५चे एक छायाचित्रही घडीवर छापले. त्यात त्या कॉलेजच्या तीन विद्यार्थिनी एका रांगेत बसल्या आहेत : साडीतली आनंदी, किमोनोतली जपानची ओकामी केई आणि आपल्या देशाच्या पोशाखातली सीरियाची सबात इस्लामबुली. झेरॉक्समध्ये चेहरे काळवंडले, पण साडी लगेच ओळखू येत होती.

भाषेच्या दोन गाठी अजून बाकी होत्या. पहिली आदरार्थी बहुवचनाची. आपल्याकडची बालचरित्रे पाळण्यातल्या बाळालाही ‘त्या’ म्हणतात, त्यामुळे मूल त्या व्यक्तीच्या शेजारी बसूच शकत नाही. सगळ्या चरित्रभर ते समोर हात जोडून उभे राहते. उलट शेवटपर्यंत ‘ती’ म्हणणेही मला रुचेना. म्हणून पदवीपर्यंत ‘ती’ आणि तिथून पुढे ‘त्या’ असे केले : ‘११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली. वीस दिवसांनी डॉक्टर आनंदीबाई जोशी एकवीस वर्षांच्या झाल्या.’

दुसरी गाठ मृत्यूच्या शब्दाची. ‘निधन’ हा शब्द मुलांनी भाषणांत इतक्या वेळा उच्चारलेला असतो की तो त्यांना तारखेचाच भाग वाटतो. ‘गेल्या’ लिहून पाहिले, तर सरावाच्या वेळी धाकट्या वर्गातल्या एकाने “कुठं गेल्या?” असे विचारले. ‘मृत्यू झाला’ एवढेच सरळ लिहिले.

गोपाळरावांची मारहाण चौथीच्या घडीतून मी वगळली. शिकवण्यासाठी मारणारा नवरा हे कोडे त्या वयाला सोडवता येणार नाही, आणि ज्या मुलांना घरी अभ्यासासाठी मार बसतो त्यांनी त्यातून काय उचलले असते, याची मला भीती वाटली. ही निवड योग्यच होती असा माझा दावा नाही.

आईचे म्हणणे

आदल्या दिवशी त्या मुलीच्या आईचा फोन आला. घरी सराव करताना त्यांनी शेवटचा परिच्छेद ऐकला होता. “बाई, बाकी सगळं छान आहे, पण तिच्या वाढदिवशी तिच्याच तोंडून कुणाचं मरण नको,” असे त्या म्हणाल्या. सकाळी घरी औक्षण करून ज्या मुलीला शाळेत पाठवायचे, तिने दहा वाजता एका एकवीस वर्षांच्या मुलीचा मृत्यू वाचून दाखवायचा, हे त्यांना पटत नव्हते. मी त्याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारू शकले असते, पण मला ते तसे वाटले नाही. वाढदिवस हा आयुष्य मागण्याचा दिवस आहे, आणि जयंतीच्या निमित्ताने आपण मुलांना संपूर्ण आयुष्य मृत्यूसकट वाचायला लावतो, या विसंगतीवर त्यांनी नेमके बोट ठेवले होते.

शेवटी असे ठरले की तिने एकविसाव्या वाढदिवसापर्यंत वाचावे आणि तिथे थांबावे. शेवटचा परिच्छेद निराळ्या कागदावर माझ्याकडे राहील, आणि तो दुसऱ्या दिवशी मी वाचेन.

प्रत्यक्ष दिवस

हे नियोजन चार मिनिटेसुद्धा टिकले नाही. घडी वाढदिवसांच्या पायऱ्यांनी रचलेली असल्यामुळे ऐकणारी मुले पाठोपाठ पायऱ्या मोजत होती. नऊ, चौदा, अठरा. बोट सुटते त्या ठिकाणी दोघांनी वहीवर वजाबाकी करून तिचे वय पडताळून पाहिले. मुलगी ‘एकवीस वर्षांच्या झाल्या’ येथे थांबून खाली बसली, टाळ्या झाल्या, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “मग बाविसावा?”

प्रश्न माझ्या रचनेनेच उभा केला होता, तेव्हा तो उद्यावर ढकलणे लबाडीचे झाले असते. मी खणातला कागद काढून वाचला : ‘बाविसावा वाढदिवस आला नाही. आनंदीबाई अमेरिकेहून परतल्या तेव्हा त्या फार आजारी होत्या. त्यांना क्षय झाला होता. त्यावर तेव्हा औषध नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. वाढदिवसाला तेहेतीस दिवस राहिले होते. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींनी अमेरिकेत आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या.’ वाचून झाल्यावर मी त्या मुलीकडे पाहिले. ती रडत नव्हती. ती घडीवरच्या छायाचित्रातल्या साडीच्या काठावर पेन्सिलीने रेघ ओढत होती.

एकाने विचारले, “बाई, मग त्या डॉक्टर होऊन उपयोग काय झाला?” मी तयार ठेवलेली माहिती, म्हणजे शुक्र ग्रहावरच्या सुमारे ३४ किलोमीटर रुंदीच्या एका विवराला त्यांचे नाव दिले आहे, ही त्या प्रश्नाला अगदीच तोकडी होती. सांगितल्यावर मुले खिडकीबाहेर आकाशाकडे पाहू लागली हे खरे, पण विचारणाऱ्याचे समाधान झाले नाही. दुपारच्या सुट्टीत त्याने प्रश्न पुन्हा विचारला.

नंतरचे बदल

घडीचा शेवटचा परिच्छेद आता कायम वेगळ्या चिठ्ठीवर असतो आणि तो वाढदिवस असलेल्या मुलाकडे जात नाही. बाविसाव्याचा प्रश्न वर्गातून आला की शिक्षकाने तो वाचायचा. नाही आला तर वाचायचा नाही, हेही ठरले आहे, परंतु गेल्या दोन्ही वर्षी तो आला. मारहाणीचा उल्लेख असलेली मोठी घडी सातवीसाठी केली आहे, आणि तिच्यात आनंदीबाईंच्या पत्रातला तो भाग दिला आहे.

‘उपयोग काय झाला’ विचारणाऱ्या मुलासाठी आता २२ नोव्हेंबरची घडी लिहिणे चालू आहे. रखमाबाईंचा जन्म १८६४चा, आनंदीबाईंच्या आधी जेमतेम चार महिने. लहानपणी लावून दिलेले लग्न मान्य नाही म्हणून त्या कोर्टात उभ्या राहिल्या, लंडनला शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला बायकांना तपासण्यात त्यांचे आयुष्य गेले, आणि १९५५पर्यंत त्या जगल्या. त्या मुलाच्या वहीत वजाबाकी करून नव्वद हा आकडा लिहून तयार आहे. माझे मात्र पहिल्याच वाक्याशी अडले आहे, कारण दावा, समन्स आणि निकाल हे चौथीत कसे सांगायचे याचा निर्णय अजून होत नाही.